सूर आपला, कागदही आपला

मागच्या अंकात आम्ही स्वतःची गाणी लिहिणाऱ्या, स्वतःच गाणाऱ्या आणि कुठल्याही कंपनीशी न बांधलेल्या कलाकारांकडून प्रश्न मागवले होते. सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांचं भावनाभरलं लोकप्रिय गायन) आणि जॅझ गाणाऱ्यांची पत्रं सर्वांत जास्त आली आणि प्रश्नही अगदी नेमके आले. त्यातल्या निवडक प्रश्नांना उत्तरं देतो आहोत, काहींना सविस्तर, काहींना थोडक्यात.

बारा वर्षं ख्याल शिकले, काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी) हा माझा सूर. आता सोल आणि जॅझ गाते. पियानो वाजवणारा मित्र म्हणतो की माझा गंधार उतरतो. तोच गंधार तानपुऱ्यावर गुरुजींना चोख वाटतो. चुकतंय कोण?
— गायिका, नाशिक

दोघंही बरोबर आहेत. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपसूक उमटणारा गंधार पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो (शेजारच्या दोन सुरांतलं अंतर १०० सेंट धरायचं). पियानोत बाराही सूर सारख्या अंतरावर बसवलेले असतात. त्यामुळे कुठल्याही पट्टीत वाजवता येतं, पण त्यासाठी शुद्ध गंधार, धैवत आणि निषाद जरा चढे ठेवावे लागतात. पंचमात फरक जेमतेम २ सेंटचा, म्हणून तिथे कोणाची तक्रार येत नाही.

कीबोर्डवर सा आणि ग एकत्र दाबून धरा आणि ग लावा. मग ग सोडा, सा तसाच ठेवा आणि गात राहा. आठ-दहा सेकंदांत तुमचा गंधार खाली सरकेल, कारण कान त्याला जुन्या घरी नेतो. पुन्हा ग दाबून ताडून पाहा. रोज दहा मिनिटं असं केलंत तर दोन-तीन आठवड्यांत कान दोन्ही गंधार वेगवेगळे ओळखायला लागतो. आखूड स्वरांत हा फरक कळत नाही. ओळीच्या शेवटी चार मात्रा धरलेल्या गंधारात मात्र लगेच कळतो, तेव्हा तेवढ्याच जागांवर कागदावर पेन्सिलीने खूण करा. तानपुऱ्यावरचा रियाझ सोडू नका. तो गंधार गमावणं हे मोठंच नुकसान होईल.

ब्लूजमधून सोलमध्ये आलेला आणखी एक गंधार आहे, कोमल आणि शुद्ध यांच्या मधला. त्याला ठरलेली जागा नाही. पियानोवर तो वाजवताच येत नाही, म्हणून पियानोवादक कोमल गंधाराची पट्टी चाटून शुद्धवर घसरतात. दरबारीचा गंधार घोटलेल्या गळ्याला पट्ट्यांच्या मधल्या अशा जागा परक्या नाहीत. फक्त आंदोलन देऊ नका. खालून एकदाच ढकलायचा आणि सोडायचा. झुलवत ठेवलात तर गाणं लगेच रागदारीकडे वळतं.

यापेक्षा मोठी अडचण सा ची आहे. आपला सा मैफलभर हलत नाही. जॅझमध्ये तो एकाच गाण्यात तीन-चार वेळा हलतो, आणि हलण्याची नेहमीची वाट म्हणजे 'टू-फाइव्ह-वन'. पांढरी एक धरली तर पहिला कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) रे म ध सां, दुसरा प नि रें मं, तिसरा सा ग प नि. यातून दोन धागे निघतात. एक सां–नि–नि, दुसरा म–म–ग. मित्राला तीन कॉर्ड सावकाश वाजवायला सांगा आणि आधी एक धागा गा, मग दुसरा. प्रत्येक वेळी एकच सूर हलतो आणि तोही एकच पायरी, हे गळ्याला कळलं की कॉर्ड कुठे निघाला आहे ते डोळे मिटूनही समजतं. नंतर हेच काळी पाच, काळी चार, काळी तीन असं एकेक पूर्ण सूर खाली उतरत म्हणा. महिन्याभराचं काम आहे, पण तानांच्या शंभर पलट्यांपेक्षा इथे याचा उपयोग जास्त.

तानेबद्दलही सांगायला हवं. ख्यालाच्या तानेत प्रत्येक स्वर दाणेदार आणि सारख्या वजनाचा असावा लागतो. सोलमधल्या हरकतीत पहिला आणि शेवटचा स्वर ठळक, मधले ओझरते, आणि सगळं त्या शब्दाच्या अर्थाला बांधलेलं. पहिल्या कडव्यात एकही हरकत घेऊ नका. ऐकणाऱ्याला आधी चाल कळू द्या.

स्विंग म्हणजे काय ते वाचून कळतं, गाताना जमत नाही. शिवाय बँडमधले म्हणतात, 'बीटच्या मागे गा.' मागे गेले की बेताल होते.
— गायिका, कोल्हापूर

प्रत्येक मात्रेचे तीन भाग करा, तोंडाने 'तकिट' म्हणा. 'त' आणि 'कि' जोडून एक लांब स्वर, 'ट' वर आखूड. मध्यलयीतला स्विंग हाच. लय वाढते तसं लांब-आखूडपण कमी होत जातं, आणि मिनिटाला दोनशेच्या वर स्वर जवळजवळ सारखेच पडतात. द्रुत लयीत तकिट धरून बसणं ही नवशिक्यांची ठरलेली चूक.

आपला कान समेवर जोर शोधतो, या संगीतात जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) ६० वर लावा आणि त्याचा ठोका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पडतो आहे असं समजून गा. म्हणजे तुमची लय १२० झाली. सुरुवातीला ठोका हटकून पहिल्या मात्रेवर सरकेल. तसं झालं की थांबा, पुन्हा मोजून घ्या.

मागे गाणं म्हणजे लय मागे ओढणं नव्हे. आपल्याकडे सम टळून गेल्यावर मुद्दाम अतीत येतात, तेव्हा तबलजी काही थांबत नाही. तसंच हे. ओळ अर्धी मात्रा उशिरा उचला आणि शेवटचा शब्द वेळेवर पोचवा. पाय चालूच राहायला हवा, पाय अडखळला तर समजा लय सुटली. उलटही घडतं. गायिका मागे गेली की नवखा ड्रमर तिच्यासाठी हळू होतो आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत गाणं बसकण मारतं. त्याला तालमीतच सांगून ठेवा की मी कुठेही गेले तरी तू हलायचं नाहीस.

पहिल्यांदाच जॅझ त्रिकुटाबरोबर ४५ मिनिटं गायचं आहे. तालीम एकच. काय तयारी करू?
— गायक-गीतकार, पुणे

प्रत्येक वादकासाठी एका गाण्याला एक पान. वर डावीकडे लय आणि ढंग: 'मीडियम स्विंग, १२६' किंवा 'सोल बॅलड, ६८'. 'जरा हळू' असं लिहिलेलं कोणाच्याच उपयोगाचं नाही. एका ओळीत चार बार (एक बार म्हणजे एक आवर्तन, बहुधा चार मात्रांचं), म्हणजे ३२ बारांचं गाणं आठ ओळींत मावतं आणि आठ-आठ बारांचे चार भाग नुसत्या नजरेला दिसतात. चाल आणि शब्द वर, कॉर्ड त्याच्याही वर. शेवट कसा करायचा ते शब्दांत लिहा, कारण एकाच तालमीतली गाणी बहुतेक वेळा शेवटालाच फसतात. शेवटचे चार बार तीनदा म्हणून थांबणं ही सर्वांच्या ओळखीची वाट आहे, पहिल्या कार्यक्रमाला तीच घ्या.

पट्टी 'सी', 'ई फ्लॅट' अशा नावांनी लिहा, आणि काळी चार म्हणजे 'ए फ्लॅट', 'जी शार्प' नव्हे. फुंकीची वाद्यं वाजवणाऱ्यांना फ्लॅटच्या पट्ट्या सवयीच्या असतात. ट्रम्पेट असेल तर त्याचं पान एक पूर्ण सूर वर चढवून लिहावं लागतं, म्हणजे तुमचा ए फ्लॅट त्याला बी फ्लॅट दिसला पाहिजे. आल्टो सॅक्सोफोनला तोच एफ दिसतो. हे आयत्या वेळी तोंडी सांगायचं काम नाही.

छापील पुस्तकांतल्या पट्ट्या वाद्यांच्या सोयीच्या असतात. स्त्रियांना त्या बहुधा चार-पाच सूर खाली घ्याव्या लागतात, पुरुषांनीही तपासूनच घ्याव्यात. गाण्यातला सर्वांत वरचा सूर शोधा आणि तो संध्याकाळी, दिवसभर बोलून झाल्यावर, तीनदा लावून पाहा. सकाळी ताज्या गळ्याने ठरवलेली पट्टी रात्री महाग पडते.

४५ मिनिटांना आठ गाणी पुरतात, कारण प्रत्येकात एखाद्या वाद्याचा सोलो येतो. दोन जास्तीची तयार ठेवा. सुरुवात मध्यलयीतल्या सोप्या गाण्याने करा, तोवर आवाज तापतो आणि साउंडवाल्यालाही तुमची पातळी कळते. गाण्याची लय तुम्ही द्यायची. मनात दुसरी ओळ म्हणा (पहिली ओळ नेहमी घाईत आठवते), मग दोन बार मोजा: वन, टू, मग वन-टू-थ्री-फोर.

माइक मुठीत जाळीसकट धरू नका. त्याची मागची बाजू हाताने झाकली की तो सगळीकडून आवाज घेऊ लागतो आणि शिट्टी मारतो. मॉनिटर स्पीकर (तुमचा आवाज तुम्हाला ऐकवणारा) माइकच्या शेपटीच्या बरोबर समोर ठेवायला सांगा. साध्या कार्डिऑइड (समोरचाच आवाज घेणाऱ्या) माइकचा कान त्या बाजूला सर्वांत बंद असतो.

कोकणी-मराठीत सोल लिहिता येतो का? मी लिहिते तेव्हा ते भावगीतासारखं वाटतं.
— गीतकार, मडगाव

तुमच्याच गावांत ते कधीच झालेलं आहे. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवणारे ख्रिस पेरी यांनी जॅझच्या अंगाने कोकणी गाणी रचली आणि गायिका लॉर्ना यांनी ती ज्या आवाजात गायली, त्याला दुसरं नाव शोधायची गरज नाही. ते सोलच आहे. या दोघांच्या काळावर २०१४ मध्ये कोकणी चित्रपटही आला. त्याच्याही आधी गोव्याच्या चर्चशाळांत स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची स्वरलिपी) शिकलेल्या वादकांनी मुंबईतल्या हॉटेलांचे बँड आणि पुढे हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद उभे केले. आल्डोन्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्यांतले एक ठळक नाव. तेव्हा इथे परकं काही नाही, अडचण वाक्याची आहे.

मराठी वाक्य क्रियापदावर संपतं. 'मी रोज तुझी वाट पाहत असते' ही ओळ घ्या. ताण देऊन धरायचा स्वर शेवटी येतो आणि तिथे उभा आहे 'असते', ज्याला स्वतःचा अर्थ जवळजवळ नाही. बोलताना आपण तसे बोलत नाही. बोलताना म्हणतो, 'रोज वाट बघते. उघडंच दार.' आता लांब स्वर 'दार' वर आला, तोंड 'आ' ने उघडलं आणि डोळ्यांसमोर एक वस्तूही उभी राहिली. आपल्या बोलण्यात शब्द नेहमीच मागेपुढे होतात: 'विसरलास ना घर?', 'येणार होतास काल.' या ओळी सोलला आयत्या मिळालेल्या आहेत.

दुसरी गोष्ट शेवटच्या 'अ' ची. भावगीतात 'मन' हे 'म-न-अ' असं पूर्ण उच्चारायची रीत आहे आणि तिथे ते शोभतं. सोलमध्ये ते ताठ वाटतं. बोलतो तसं 'मन्' म्हणा, लांबवायचं ते 'म' वरच लांबवा आणि 'न' शेवटी मिटा. तुमचं गाणं भावगीत वाटण्यामागे बहुतेक हेच असेल. वरच्या सुरांवर आ, ओ, ए येतील असे शब्द ठेवा. 'ई' आणि 'ऊ' वर आवाज आवळतो. 'ळ' वर स्वर धरताच येत नाही, जीभ पलटून मोकळी होते, पण ओळ झटकन तोडायची असेल तर 'ळ' सारखं अक्षर नाही.

ओळ लिहिल्यावर दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर चुटकी वाजवत ती नुसती बोला. चुटकीपाशी 'चा', 'ला', 'तर' असलं काही येत असेल तर ओळ सरकवा. तिथे नाम किंवा ठसठशीत क्रियापद हवं.

घरी रेकॉर्ड करते. इमारतीखालून लोकल जातात, खोली दहा बाय दहा. आवाज डब्यातून आल्यासारखा येतो.
— गायिका, डोंबिवली

डब्यासारखा आवाज लोकलचा नाही, भिंतींचा. लहान चौकोनी खोलीत आवाज समोरासमोरच्या भिंतींवर आपटून माइकमध्ये परत येतो. अंड्यांचे ट्रे लावू नका, त्यांनी फारसं काही शोषलं जात नाही. घरातल्या दोन जाड गोधड्या दोरीवर टांगा, एक तुमच्या पाठीमागे आणि एक बाजूला, भिंतीपासून एक वीत सोडून. पाठीमागची महत्त्वाची, कारण माइकचं तोंड तिकडेच असतं. खोलीच्या बरोबर मध्यभागी उभ्या राहू नका, तिथे खालचे सूर कुठे फुगतात तर कुठे गायब होतात.

माइकपासून एक वीत, मध्ये पॉप फिल्टर (फुंकर अडवणारी जाळी). याहून जवळ गेलात की आवाजाचा खालचा भाग फुगतो. कुजबुजल्यासारख्या ओळीला तो गोड लागतो, पण तेवढ्यापुरताच ठेवा. जोराच्या ओळीला अर्धी वीत मागे व्हा आणि तोंड जरा बाजूला वळवा. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सर्वांत जोराच्या ओळीला मीटर उणे १० डेसिबलच्या वर जाऊ नये. २४ बिटमध्ये आवाज हळू आला तर नंतर वाढवता येतो, फाटलेला आवाज मात्र शिवता येत नाही. ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, लोकलची घरघर बरीचशी तिथेच असते. उरलेलीसाठी गाडी जाईपर्यंत थांबणं हाच उपाय. पंखा बंद, फ्रिज बंद आणि लॅपटॉप बॅटरीवर, कारण चार्जरमुळे पुष्कळदा गुणगुण शिरते.

हेडफोनमध्ये संगीत फार मोठं ठेवलं की सूर बहुधा उतरतात. एक कान अर्धा मोकळा ठेवून पाहा, पण मग मोकळ्या बाजूने मेट्रोनोमचा टकटक माइकमध्ये जातो आणि शांत शेवटाला ऐकू येतो. म्हणून शेवटच्या आठ बारांत क्लिक बंद करा. स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत असेल तर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला बफर (आवाज साठवून पुढे पाठवायचा टप्पा) १२८ किंवा ६४ वर आणा, मिक्सिंगला पुन्हा वाढवा.

पूर्ण गाणं सलग चार वेळा गा आणि थांबा. सोलचं गाणं ओळ-ओळ तोडून जोडलं की श्वास हरवतात. चारांतलं सर्वांत जिवंत निवडा, दोन-तीन ओळी दुसऱ्यातून घ्या, श्वास पुसू नका. सूर सुधारणारं सॉफ्टवेअर लावलंत तर कोमल-शुद्धच्या मधला तो गंधार ते 'चूक' समजून सरळ करेल. ते स्वर त्यातून हाताने वगळा.

एका कंपनीने माझी तीन गाणी मागितली आहेत. एकरकमी पैसे देणार. करारात 'सर्व हक्क, सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी' असं आहे. पैशांची गरज आहे. सही करू का?
— गायिका-गीतकार, पुणे

आहे तशी करू नका.

एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक म्हणजे रचना, शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे ते विशिष्ट रेकॉर्डिंग, ज्याला मास्टर म्हणतात. तुमच्या करारातल्या एका वाक्यात दोन्ही जातात. अमेरिकी गायिका-पियानोवादक नीना सिमोन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या पहिल्या अल्बमचे हक्क सुमारे ३,००० डॉलरना देऊन टाकले. त्यातलं एक गाणं १९८७ मध्ये एका अत्तराच्या जाहिरातीमुळे युरोपभर गाजलं, पण तोवर हक्क हातातून गेलेले होते.

याच्या उलट बेटी कार्टर यांचं पाहा. १९४८ मध्ये लायनेल हॅम्प्टनच्या बँडबरोबर फिरायला लागलेली ही जॅझ गायिका. १९६९ च्या सुमारास, कंपन्यांना त्यांच्या गाण्यात रस उरला नव्हता तेव्हा, त्यांनी 'बेट-कार' नावाने स्वतःची कंपनी काढली आणि जवळजवळ दोन दशकं आपल्या तबकड्या आपणच काढल्या. पुढे व्हर्व्ह या मोठ्या कंपनीने त्यांना घेतलं तेव्हा त्या जुन्या तबकड्याही पुन्हा बाजारात आल्या. त्यांच्या १९८८ च्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. त्या वीस वर्षांतलं काम त्यांच्या हाती राहिलं म्हणून ते पुढे नेता आलं. अलीकडचं उदाहरण लंडनच्या रे या गायिकेचं. मोठ्या कंपनीशी करार असूनही अल्बम निघेना, म्हणून २०२१ मध्ये ती बाहेर पडली, २०२३ मध्ये स्वतंत्रपणे अल्बम काढला आणि मार्च २०२४ मध्ये एकाच रात्री सहा ब्रिट पुरस्कार घेतले.

आपला कॉपीराइट कायदा या बाबतीत गीतकार-संगीतकाराच्या बाजूने बराच आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर शब्द आणि चालीच्या वापरावरचा रॉयल्टीतला तुमचा समान वाटा तुम्ही वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला सोडून कोणालाही देऊन टाकू शकत नाही. करारात उलट लिहिलं असलं तरी ते टिकत नाही. करारात मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच कंपन्या 'कायमस्वरूपी, जगभर' हे शब्द आवर्जून घालतात. हक्क घेऊन वर्षभर वापरले नाहीत तर ते परत येतात, पण 'हे कलम लागू नाही' अशी ओळ करारात बारीक अक्षरांत असू शकते. ती शोधा.

मास्टरचं वेगळं आहे. रेकॉर्डिंगची जबाबदारी आणि पुढाकार ज्याचा, तो कायद्याने निर्माता आणि पहिला मालक. मित्राने प्रेमाने स्टुडिओचे पैसे भरले तरी उद्या वाद होऊ शकतो. त्याच दिवशी एका कागदावर लिहून घ्या की मास्टर कोणाचा आणि पैसे उसने की वाट्याचे.

तुमच्या कंपनीला असं सांगा: मालकी नाही, परवाना देते. मुदत पाच वर्षं, फार तर सात. गाणी हीच तीन, 'पुढच्या कामावर पहिला हक्क' नको. एकरकमी रक्कम आगाऊ धरायची, ती वसूल झाल्यावर ठरलेली टक्केवारी, आणि वसुलीत कोणता खर्च धरणार त्याची यादी कराराला जोडलेली. दर सहा महिन्यांनी हिशोब. सहा महिन्यांत गाणं बाहेर आलं नाही तर हक्क आपोआप परत. यातलं काहीच मान्य नसेल आणि पैशांची निकड खरीच असेल, तर तीनऐवजी एक गाणं द्या, तेही ज्यावर तुमची ओळख उभी नाही असं. सहीआधी कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला तासाभराची फी द्या. ती या रकमेपुढे किरकोळ असते.

नोकरी करतो, वय ४१. उशीर झाला का?
— वाचक, सोलापूर

सोल गायिका शेरन जोन्स यांनी न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगात पहारेकरी म्हणून काम केलं. त्यांचा पहिला अल्बम २००२ मध्ये आला तेव्हा त्यांचं वय पंचेचाळीसच्या पुढे होतं. सोल गायक बिल विदर्स यांचा पहिला अल्बम १९७१ चा, तोवर ते विमानांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होते. तुमच्यापुढे अडचण वयाची नसून वेळेची आहे. आठवड्यातून तीन संध्याकाळी दीड-दीड तास आणि दोन महिन्यांना एक पूर्ण झालेलं गाणं, एवढंच धरा. वर्षाअखेरी सहा गाणी म्हणजे एक ईपी (छोटा अल्बम) होते.

कार्यक्रमानंतर आवाज बसतो. खरखर सोलला चालते ना?
— गायिका, छत्रपती संभाजीनगर

ठरवून काढलेली खरखर चालते, न बोलावता आलेली नाही. फरक ओळखणं सोपं आहे. खरखरीच्या ओळीनंतर लगेच तोच सूर हळू आणि स्वच्छ लागला पाहिजे. नाही लागला तर गळा सुजला आहे, त्या दिवशी थांबा. कुजबुजून बोलू नका, त्याने ताण कमी होत नाही. कार्यक्रमाआधी आणि नंतर पाच-पाच मिनिटं शीतपेयाच्या साध्या स्ट्रॉमधून गुणगुणा. कार्यक्रम संपल्यावर रात्री बाराला मिसळ खाऊन लगेच आडवं होणं हे पुष्कळ गळे बसण्याचं खरं कारण असतं. आम्ल वर येतं आणि सकाळी आवाज घोगरा होतो. घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने स्वरतंतू तपासून घ्या.

गाणं तयार आहे. बाहेर कसं काढायचं? नेमका क्रम सांगा.
— गायक-गीतकार, सांगली

सर्वांत आधी वाटपाचा कागद. गाण्यात कोणाचे शब्द किती टक्के, चाल किती टक्के, बेरीज १००, सगळ्यांच्या सह्या. गिटारवाल्याने कॉर्ड बदलून दिले, ती रचना की साथ, हे आजच ठरवा. गाणं चालल्यावर ठरवायला बसलात तर मैत्री जाते. साथीदारांना मानधन दिलं असेल तर तेही लिहून ठेवा.

मग फाइल. मास्टर बनवणाऱ्याला सांगा की आवाज चिरडू नको. स्ट्रीमिंगवर बहुतेक ठिकाणी गाणी सुमारे उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाची सरासरी पातळी मोजायचं माप) पातळीला आणून वाजवली जातात, म्हणून जोरात केलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं आणि दबलेलं तेवढं उरतं. सोल-जॅझमधला हळू-मोठा फरक जपण्यासारखा आहे. ट्रू पीक, म्हणजे क्षणभराची सर्वांत उंच पातळी, उणे १ डेसिबल.

प्रसिद्धीची तारीख किमान चार आठवडे पुढची ठेवा. वितरकाकडे (गाणी स्ट्रीमिंग कंपन्यांपर्यंत पोचवणारी सेवा) फाइल, ३००० बाय ३००० पिक्सेलचं मुखपृष्ठ आणि नावं द्या. नावाचं स्पेलिंग पहिल्या गाण्यापासून एकच ठेवा, नाहीतर दुसऱ्याच कोणाच्या पानावर तुमचं गाणं जाऊन बसतं आणि ते सोडवायला आठवडे जातात. गाण्याला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो, तो वहीत उतरवून घ्या. पुढे वितरक बदललात तर तोच क्रमांक द्या, म्हणजे जुन्या ऐकण्यांची मोजणी गाण्याबरोबर येण्याची शक्यता राहते. स्पॉटिफायच्या प्लेलिस्टसाठी अर्ज प्रसिद्धीच्या किमान सात दिवस आधी, आणि त्यात 'सुंदर भावपूर्ण गीत' असं न लिहिता वाद्यं, लय, भाषा आणि प्रसंग लिहा. तिथे वर्षभरात हजार वेळा न ऐकलेल्या गाण्याला पैसे मिळत नाहीत, म्हणून पाच गाणी एकदम न टाकता दोन-दोन महिन्यांनी एकेक सोडा.

शब्द-चालीचे पैसे वितरकाकडून येत नाहीत. त्यासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचे सभासद व्हा आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा, वाटपाच्या कागदावरच्या टक्क्यांनुसार. निम्मे लोक सभासद होतात आणि गाणी नोंदवायची राहून जातात. अमेरिकी कंपन्यांकडून पैसे येणार असतील तर डब्ल्यू-एट-बेन हा फॉर्म पॅन क्रमांकासह भरा. दोन देशांतल्या कर-करारामुळे तिथला रॉयल्टीवरचा कर ३० ऐवजी १५ टक्के लागतो.

जुन्या जॅझ गाण्याच्या चालीवर मी मराठी शब्द लिहिले आहेत. टाकू का?
— वाचक, न्यू जर्सी

परवानगीशिवाय नाही. मूळ शब्दांत, मूळ चालीत गायलेलं कव्हर असेल तर परवान्याची ठरलेली वाट आहे आणि बरेच वितरक ती सोय देतात. दुसऱ्या भाषेतले शब्द म्हणजे रूपांतर, आणि त्याला हक्कधारकाची वेगळी लेखी परवानगी लागते. गाणं जुनं आहे म्हणून मोकळं आहे असं समजू नका. भारतात शब्द आणि चाल वेगवेगळे मोजतात, ज्याच्या-त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. अमेरिकी संगीतकार जॉर्ज गर्श्विन १९३७ मध्ये गेले, त्यांचे गीतकार भाऊ आयरा १९८३ मध्ये. म्हणजे चाल मोकळी झाली तरी शब्दांचा हक्क भारतात २०४३ अखेरपर्यंत चालू शकतो. अमेरिकेत हिशोब वेगळा, तिथे जुन्या गाण्यांना प्रसिद्धीचं वर्ष धरतात. हक्क कोणाकडे आहे ते प्रकाशकाच्या नावावरून शोधा, मराठी शब्द आणि त्यांचा इंग्रजी अर्थ जोडून अर्ज करा आणि उत्तराला काही महिने धरा. तोवर तेच शब्द बाजूला ठेवून त्यांना स्वतःची चाल लावून पाहा. शब्द चांगले असतील तर त्यांना उसन्या चालीची गरज पडणार नाही.